उजवीकडचं दार

मधली आळी, भुईगाव
१२ जानेवारी २००४

प्रिय सालोमी,

सप्रेम नमस्कार.

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. नर्मदेने ते देवघराच्या फळीवर उभं केलंय, गणपतीला खेटून. मागच्या रविवारी फोनवर मी तुला तिच्या गुडघेदुखीचं सांगत होतो आणि तू "हो का, वा, छान झालं" म्हणत होतीस. तुझे कान आता फोनच्या कामाचे राहिले नाहीत, तेव्हा आपली पत्रंच बरी.

पंचायतीने गेल्या वर्षी एक ठराव केला, तो तुला कळवायचा राहिला. आपल्या आळीतली बावीस जुनी घरं रस्त्यावरून दिसतात तशीच राहिली पाहिजेत. आत न्हाणीघर बांधा, फरशी बदला, कोणी विचारणार नाही. पण ओटी, कौलं, दर्शनी दारं-खिडक्या यांना हात लावायचा तर आधी समितीकडे अर्ज करायचा. समितीत आम्ही पाच जण. मी पस्तीस वर्षं बांधकाम खात्यात नकाशे काढले, म्हणून चिटणीसपद माझ्या गळ्यात. आजवर सात अर्ज आले. एकाला ओटीला हिरव्या काचा लावायच्या होत्या, एकाला कौलं उतरवून स्लॅब घालायचा होता. चहा पाजून समजावलं, ऐकलं लोकांनी.

आठवा अर्ज आपल्या प्रल्हादच्या घरचा आहे. प्रल्हाद जाऊन या मे महिन्यात सहा वर्षं होतील. थोरला रमेश वाडी बघतो, मोगरा आणि केळी. धाकटा अनुज मुंबईला बँकेत. दोघांचे संसार त्या एकाच घरात. आता अनुजला आतून भिंत घालायची आहे आणि ओटीच्या उजव्या अंगाची खिडकी काढून तिथे स्वतंत्र दार करायचंय. एका घराला दर्शनी दार एकच, असं आपल्या आळीचं रूप आहे. त्यामुळे हे नियमात बसत नाही. बाकी मला काही म्हणायचं नाही.

तुझ्याकडे एक काम आहे. मी प्रत्येक घराची जुनी माहिती लिहून काढतोय. तुमचं घर त्याच्या बरोबर समोर होतं. ती खिडकी पूर्वी कशी होती, गज लाकडी होते की लोखंडी, काही आठवतं का?

तुझा,
हरी

*

बडोदा
२५ जानेवारी २००४

प्रिय हरी,

जय ख्रिस्त. नर्मदेला म्हणावं, उकिडवं बसून भाजी चिरू नकोस, स्टूल घे. चाळीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या मेट्रनचा सल्ला आहे, फुकट मिळतोय तोवर ऐका.

आता तुझी खिडकी. अरे हरी, कसली खिडकी? तिथे दार होतं! तुला कसं आठवत नाही? थोरल्या आजीचं दार डावीकडे आणि धाकट्या आजीचं उजवीकडे. प्रल्हादचे आजोबा आणि त्यांचा भाऊ, दोन बिऱ्हाडं होती त्या घरात. धाकट्या आजीला मूलबाळ नव्हतं, म्हणून आळीतली सगळी पोरं तिच्याच पायरीवर. ती मला गूळ-खोबरं द्यायची आणि म्हणायची, "तुझ्या आईला सांगू नको, नाहीतर ती मला केक पाठवील आणि मला अंडं चालत नाही." संध्याकाळी दोघी जावा आपापल्या उंबऱ्यावर बसून मध्ये एक सूप ठेवायच्या आणि दोन्हीकडून तांदूळ निवडायच्या.

धाकटी आजी गेली तेव्हा मी सातवीत होते. त्या पावसाळ्यानंतर प्रल्हादच्या वडिलांनी दार बुजवून खिडकी केली. तेव्हा खिडकीचे गज लाकडी की लोखंडी ते तूच ठरव, मला दारच आठवतं.

तुझ्या कामाला उपयोग होईल ना? लिहून काढतोयस हे फार चांगलं करतोयस.

तुझी,
सालोमी

*

भुईगाव
१० फेब्रुवारी २००४

प्रिय सालोमी,

पत्र मिळालं. नर्मदेने स्टूल आणवलं. त्यावर आता मांजर बसतं.

समितीची सभा शनिवारी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात झाली. मुख्याध्यापिका डेल्फिन मॅडम आमच्या अध्यक्ष. उन्नती नावाची एक तरुण आर्किटेक्ट दर शनिवारी मुंबईहून येते, पोरगी हुशार आहे. बाकी दोघे पंचायतीचे सभासद. अनुजला रजा मिळाली नाही म्हणून त्याची बायको संपदा एकटीच आली, नकाशाची गुंडाळी घेऊन.

मी विचारलं, "दार पाहिजेच का?"

ती म्हणाली, "काका, लग्न झाल्यापासून मी घरात शिरते ती ताईंच्या (म्हणजे रमेशच्या बायकोच्या) स्वयंपाकघरातून. पाहुणा आला तरी तिथूनच. आजारी पडले तरी ताईंच्या खोलीतून बाहेर. मला माझ्या दारातून आत यायचंय, एवढंच."

उन्नतीने सगळ्यांकडे बघून विचारलं, "तिथे पूर्वी काही वेगळं होतं का? जुना पुरावा असेल तर विचार करता येईल."

तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं. पण लहानपणीची आठवण म्हणजे काही पुरावा नव्हे, त्यावर शेरा मारता येत नाही, असं मला वाटलं. मी ओटीची मापं सांगितली, दोन दारांनी दर्शनी भागाचा तोल कसा जातो ते फळ्यावर आकृती काढून दाखवलं. अर्ज तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळला.

संपदा गुंडाळी काखेत धरून निघाली. जाताना माझ्या पाया पडली. ते मात्र तिने करायला नको होतं.

तू म्हणशील, मी कठोर झालो. पण दार झालं की ती पोरं वेगळी झालीच म्हणून समज. प्रल्हाद माझा जिवाभावाचा मित्र. त्याचं घर माझ्या सहीने फुटलेलं मला बघवणार नाही.

तुझा,
हरी

*

बडोदा
२४ फेब्रुवारी २००४

प्रिय हरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

त्या मुलीने सरळ विचारलं आणि तू गप्प बसलास. माझं पत्र पिशवीत ठेवून बसलास! आणि वर फळ्यावर आकृती काढलीस. तोल-बिल काही नाही, हरी. तुला ते दार नको होतं, म्हणून तू नियम पुढे केलास. एवढ्यावर मी थांबले असते, पण तू "घर फुटेल" असं लिहिलंस, आणि ते वाक्य मी पूर्वी ऐकलंय.

तू सगळ्यांना सांगतोस की तुझा दादा वेगळं व्हायचं खूळ घेऊन घरातून गेला. मी तेव्हा सुट्टीवर घरी आले होते आणि आमच्या ओटीवर बसून तुमचं सगळं ऐकत होते. वहिनीने फक्त मागच्या पडवीत वेगळी चूल मागितली होती. तुझे वडील नाही म्हणाले, आणि तू म्हणालास, "चूल वेगळी झाली की घर फुटलं." मग तीन वर्षं तुम्ही दोघे एका पंगतीला जेवलात आणि एकमेकांशी बोलला नाहीत. तुझी आई बिचारी मध्ये निरोप पोचवायची. शेवटी दादा ट्रंक उचलून विरारच्या मनवेलपाड्याला गेला, त्याला आता अठ्ठावीस वर्षं होतील. ती चूल दिली असती तर तो आज मागच्या पडवीत असता आणि तुम्ही दोघे सकाळी एकच पेपर वाटून वाचला असता, असं मला वाटतं. चुकत असेन तर सांग.

आणि भुईगावहून मनवेलपाडा लांब किती रे? मी बडोद्याला आहे, तरी तुला महिन्याला माझं पत्र येतं.

सोबत फोटो पाठवतेय. चर्चमधल्या माझ्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशीचा, १९४७ सालचा. आमच्या ओटीवर ऊन नव्हतं म्हणून फोटोवाल्याने मला प्रल्हादच्या घरासमोर उभं केलं होतं. पांढरा झगा घातलेली, तोंड आंबट केलेली ती मी. माझ्याकडे बघू नकोस, मागे बघ. उघडं दार आहे, आणि दारात धाकटी आजी उभी आहे, कपाळावर हात धरून.

हा तरी पुरावा आहे ना? समितीला दाखव, नाहीतर मला परत पाठव. फाडू नकोस, एकच प्रत आहे.

तुझी,
सालोमी

*

बडोदा
६ एप्रिल २००४

प्रिय हरी,

सहा आठवडे झाले, तुझं पत्र नाही. आजारी आहेस की रागावलास? आजारी असशील तर नर्मदेकडून लिहून घे. रागावला असशील तर तसं लिही, पण लिही.

मेरी म्हणते, "आई, तू इंजेक्शन दिल्यासारखं लिहितेस." पोटच्या मुलीचंच मत आहे, तेव्हा खरं असेल. दादाबद्दल मी जे लिहिलं ते खोटं नाही, पण ते मी कागदावर न लिहिता तुझ्या शेजारी बसून बोलायला हवं होतं. ईस्टरच्या मिस्साला तुम्हा दोघांसाठी प्रार्थना करीन. तुझ्या दादासाठी दर वर्षी करतेच.

सालोमी

*

भुईगाव
९ मे २००४

प्रिय सालोमी,

रागावलो होतो, ते आधी लिहून टाकतो. तुझा फोटो मी टेबलाच्या खणात नकाशाच्या गुण्यांखाली ठेवला आणि खण बंद केला. नर्मदेने विचारलं, "सालोमीने काय लिहिलंय?" मी म्हटलं, "काही नाही, हवापाणी." अडतीस वर्षांच्या संसारात तिने माझं कुठलंच खोटं खरं मानलेलं नाही. तिने चहा ठेवला.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी रमेशची बायको सुहासिनी आली. नर्मदा मागे कपडे वाळत घालत होती. सुहासिनी ओटीवर न बसता उभीच राहिली.

म्हणाली, "काका, ते दार होऊ द्या."

मी चकितच झालो. मला वाटत होतं की थोरलीला दार नको असणार, मी तिच्याच बाजूने उभा आहे. तसं तिला बोललोही.

"माझ्या बाजूने?" ती म्हणाली. "काका, संपदा नवी आली तेव्हा दर रविवारी मी तिच्या केसांना तेल लावायची. गप्पांत दुपार कधी सरायची कळायचं नाही. आता तिने पातेलं ठेवलं की मला वाटतं, माझ्यावर आपटलं. मी दार लावलं की तिला वाटत असेल, तिच्या तोंडावर लावलं. दोन बायका आणि एक ओटा, दुसरं काही कारण नाही हो. आणि आमचं बघून आता हे दोघे भाऊ गप्प झालेत. पंधरा दिवस शेजारी-शेजारी जेवतायत, शब्द नाही. अनुजभाऊजी आता नालासोपाऱ्याला जागा बघतायत."

मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "ती भिंतीपलीकडे गेली तर मला चालेल. नालासोपाऱ्याला गेली तर नाही चालायची."

सालोमी, त्या "शेजारी-शेजारी जेवतायत" नंतर मला आमची ती तीन वर्षं आठवली. ती गेल्यावर मी खण उघडला.

कालच्या सभेत मी फोटो आणि तुझं जानेवारीचं पत्र टेबलावर ठेवलं. डेल्फिन मॅडमनी दोन्ही बघून विचारलं, "हरिश्चंद्रभाऊ, हे फेब्रुवारीत का नाही दाखवलंत?"

मी म्हटलं, "दाखवायचं नव्हतं म्हणून." आणि राजीनाम्याचा कागद पुढे केला.

मॅडमनी तो घडी घालून आपल्या पर्समध्ये टाकला. म्हणाल्या, "हा मी मंजूर करत नाही. पण या अर्जावर तुम्ही आता मत द्यायचं नाही. आणि इतिवृत्तात तुमची चूक तुम्हीच लिहायची, तुमच्या अक्षरात." लिहिली. तीनच ओळी आहेत. मोठ्या पुलाच्या नकाशातही एवढी खाडाखोड केली नव्हती.

उन्नतीचा उत्साह विचारू नकोस. भिंग लावून तिने तुझा फोटो बघितला, चौकटीची रुंदी तुझ्या झग्याच्या उंचीवरून काढली, आणि म्हणाली, "चला, आत्ताच बघू या." आम्ही सगळे प्रल्हादच्या ओटीवर. हाक मारून आणलेल्या गवंड्याने खिडकीखालचा गिलावा छिन्नीने उडवला, जरा वेळ खरवडलं, मग म्हणाला, "काका, पानी मारा इथं." पाणी मारलं तर काळा दगड उघडा पडला. गवंडी म्हणाला, "यो दगूड भिंतीचा नाय. उंबरा हाय. मधी झिजलाय बघा, पायानं." संपदा पुढे आली आणि खाली वाकून त्या खोलगट जागेवरून हात फिरवत राहिली. सुहासिनी दारात उभी होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, पण दोघी रडत होत्या.

अर्ज मंजूर झाला, चार विरुद्ध शून्य. दाराचं माप फोटोप्रमाणे, लाकूड सागवानी, बाहेरून लोखंडी ग्रिल नाही. पावसाच्या आत काम उरकायचंय. फोटो रजिस्टर टपालाने परत पाठवतोय. तोंड खरंच आंबट आहे.

तुझा,
हरी

*

बडोदा
२२ मे २००४

प्रिय हरी,

फोटो सुखरूप पोचला. तुझं पत्र वाचून मी इतकी रडले की मेरीने रक्तदाबाची गोळी आणून दिली.

माझीही एक चूक कबूल करते. मला वाटलं होतं की थोरलीच आतून दार अडवतेय आणि तू तिच्या बोलण्याला भुललास. त्या सुहासिनीला मी कधी पाहिलं नाही, आणि इथे बसून तिला खाष्ट जाऊ ठरवून टाकलं. तिला माझा आशीर्वाद सांग. कशाबद्दल ते सांगू नकोस.

इतिवृत्तात स्वतःची चूक लिहिलीस, तेव्हा मला शाळेतला हरी आठवला. शाई मीच सांडली, असं बाईंना आपणहून सांगून छड्या खाल्लेला.

दादाबद्दल तू तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात एक ओळही लिहिली नाहीस. ठीक आहे. मी पुन्हा विचारणार नाही. हे खोटं आहे, दर पत्रात विचारीन.

तुझी,
सालोमी

*

भुईगाव
५ जुलै २००४

प्रिय सालोमी,

दार ६ जूनला बसलं. सुताराने चौकट फार सुरेख केलीय. आतली भिंतही झाली, पण स्वयंपाकघरांच्या मध्ये ती वरपर्यंत नेली नाही. हात वर केला तर वाटी पलीकडे देता येईल एवढी मोकळी ठेवलीय. ते कोणी ठरवलं ते मला माहीत नाही, माझ्यापुढे आलेल्या नकाशात नव्हतं. घराच्या आतली गोष्ट, समितीचा संबंध नाही.

पूजा झाल्यावर मी आपला डाव्या दाराने आत जाऊन रमेशशेजारी बसलो होतो. तेवढ्यात संपदा येऊन म्हणाली, "काका, इथून नाही. तुम्ही बाहेर या, चपला घाला आणि माझ्या दारातून या. पहिले पाहुणे तुम्ही." सगळ्या आळीसमोर मला उठवलं तिने. मी बाहेर आलो, चपला घातल्या, चार पावलं चाललो, पुन्हा काढल्या आणि आत गेलो. तिने खुर्ची दिली, चहा दिला. पहिला घोट घेतला तोच भिंतीपलीकडून सुहासिनीचा आवाज आला, "अगं, काकांना साखर कमी लागते!" संपदा तोंड वर करून ओरडली, "माहितेय ताई! गवती चहा संपलाय, थोडा द्या ना!" अनुज आणि रमेश बाहेर ओटीवर दाराला तेल कोणतं लावायचं यावरून वाद घालत होते. मोठमोठ्याने, सालोमी. फार बरं वाटलं ऐकायला.

त्यानंतर तीन रविवार मी शर्ट घातला आणि काढून ठेवला. चौथ्या रविवारी, म्हणजे काल, नर्मदेने पिशवीत केळीचा घड घालून ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "हा पिकलाय. आज गेला नाहीत तर टाकावा लागेल." कुठे ते तिने सांगितलं नाही.

मनवेलपाड्याला दादा दुसऱ्या मजल्यावर राहतो. वहिनींनी दार उघडलं. केस पूर्ण पांढरे. आत तोंड करून म्हणाल्या, "अहो, बघा कोण आलंय," आणि पाणी आणायला निघून गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या.

दादा पेपर वाचत होता. त्याने चष्म्यावरून बघितलं. सत्तर वर्षांचा झालाय, पण बसणं तसंच, एक पाय मांडीखाली घेऊन.

म्हणाला, "कशाने आलास?"

"विरारपर्यंत गाडीने. मग रिक्षा."

"पूर्वेचा जिना उतरलास ना? पश्चिमेला उतरलास की फार वळसा पडतो."

"पूर्वेचाच."

"बस मग."

मी बसलो. त्याने पेपरचं आतलं पान काढून मला दिलं. आम्ही वाचत बसलो. काय वाचलं विचारू नकोस. मग मी त्याला प्रल्हादच्या घरचं सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून, राजीनाम्यासकट. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ती वेगळी चूल तुझ्या वहिनीने मागितली नव्हती. मला हवी होती. तुला आणि बाबांना तोंडावर सांगायचा धीर नव्हता, म्हणून तिच्या नावावर मागितली. ती तीन वर्षं बोलणी खात राहिली."

वहिनी आत भाकऱ्या थापत होत्या. थापायचा आवाज थांबला.

मी म्हटलं, "तू मागितली असतीस तरी मी नाहीच म्हटलं असतं, दादा."

"ते माहीत होतं रे," तो म्हणाला, आणि हसला. मग आतून वहिनीही हसल्या, आणि भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

जेवलो. त्याच्या इमारतीच्या भिंतीत ओल येते, ती कुठून येते ते मी बघितलं, कागदावर काढून दिलं. पुढच्या महिन्यात ते दोघे भुईगावला येतायत, चार दिवस राहायला.

तो मला सोडायला नाक्यापर्यंत आला. दोन जिने तो कठड्याला धरून उतरला, मी नको म्हणत होतो. स्टेशनला सीटवर जाणारी शेअर रिक्षा आली, मी पाय टाकला, तर माझं कोपर धरून म्हणाला, "ही भरलीय. पुढची घे." मागे दोन सीटा रिकाम्या होत्या. पुढची आली. त्या ड्रायव्हरकडे बघून म्हणाला, "हा फार जोरात नेतो. पुढची घे." तिसरीला काय कारण सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. जेवून दीड वाजता खाली उतरलो होतो. पाचव्या रिक्षात बसलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

तुझा,
हरी